दोन चुलींचा संसार: भोकरहून नांदेड-लातूरला बिऱ्हाड हलतं तेव्हा

दहावीचा निकाल लागला की नांदेड जिल्ह्यात भोकर, हिमायतनगर, किनवट या पट्ट्यातल्या बऱ्याच घरांत एकच विषय निघतो. लेकराला नांदेडला ठेवायचं की लातूरला, आणि सोबत कोण राहणार? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर विचारायच्या आधीच ठरलेलं असतं: आई. मग जूनमध्ये छोट्या टेम्पोत गाद्या, कुकर, गव्हाचं पोतं, ज्वारीचा डबा, अभ्यासाचं टेबल चढतं. आई आणि लेकरं शहरात खोली करून राहतात. वडील शेत, दुकान किंवा नोकरी सांभाळत मागे थांबतात.

या व्यवहारात पोराचा क्लास, फी, खोलीचं भाडं यांवर घरात महिनाभर चर्चा होते. नवरा-बायकोनं दोन वर्षं वेगळं राहायचं आहे, यावर फारशी होत नाही. आणि पस्तिशी-चाळिशीतली एक बाई आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या जबाबदारीवर घर चालवणार आहे, यावर तर बोलायचं कुणाला सुचतच नाही. हे तिन्ही हिशेब सुरुवातीलाच कसे मांडायचे, ते टप्प्याटप्प्यानं पाहू.

ही वाट कशी पडली

निजामाच्या काळात या भागातल्या मुलाला पुढं शिकायचं तर हैदराबाद गाठावं लागे. तिथं उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली सुरू झालं होतं. नांदेडला पीपल्स कॉलेज निघालं १९५० साली, मराठवाडा विद्यापीठ औरंगाबादला झालं १९५८ साली, आणि नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ साली. शिक्षण असं हळूहळू जवळ येत गेलं. त्या पिढ्यांतला पोरगा बोर्डिंगात राहायचा नाही तर मामाकडं, चुलत्याकडं. आईनं बिऱ्हाड हलवायची रीत त्या मानानं अलीकडची.

तिच्यामागं मोठा वाटा लातूरचा. राजर्षी शाहू महाविद्यालयात प्राचार्य जनार्दन वाघमारे, अनिरुद्ध जाधव यांच्या काळात जी शिस्त घडली तिला पुढं ‘लातूर पॅटर्न’ नाव पडलं. अभ्यासक्रम लवकर संपवायचा आणि उरलेला वेळ सराव परीक्षांना द्यायचा, हा तिचा गाभा. दयानंद महाविद्यालयानंही तीच वाट धरली. बोर्डाच्या गुणवत्ता यादीसाठी घडलेली ही पद्धत पुढं ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या तयारीकडं वळली, तिच्याभोवती खासगी क्लास उभे राहिले आणि लातूरच्या एका भागाला ‘ट्यूशन एरिया’ असंच नाव पडलं. नांदेडमध्ये भाग्यनगर, श्यामनगर, बाबानगर या बाजूला तसंच चित्र आहे. वैद्यकीय प्रवेशातलं ७०:३० चं प्रादेशिक सूत्र सप्टेंबर २०२० मध्ये रद्द झालं आणि राज्यातल्या सगळ्या महाविद्यालयांची दारं मराठवाड्याच्या मुलांना सारखीच उघडली. चढाओढही तेवढीच वाढली.

जायचं ठरवण्याआधी

आईनं जायलाच हवं का, हा प्रश्न एकदा मोकळेपणानं घरात मांडावा. पर्याय चार आहेत.

पहिला, रोजची ये-जा. भोकरहून नांदेड सुमारे पन्नास किलोमीटर. एसटी आहे, मुदखेडमार्गे रेल्वेही आहे. बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा पास मोफत मिळतो. मात्र जाण्यायेण्यात रोजचे दोन-तीन तास मोडतात. क्लास सकाळी लवकर असेल तर हे जमत नाही.

दुसरा, वसतिगृह. समाजकल्याण विभागाची शासकीय वसतिगृहं नांदेड-लातूर दोन्हीकडं आहेत. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना तिथं जागा मिळाली नाही, तर भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून राहण्या-जेवणाचा खर्च मिळू शकतो. निकाल लागताच समाजकल्याण कार्यालयात एक चक्कर मारलेली बरी.

तिसरा, आजी किंवा आजोबांनी सोबत राहणं. ज्या घरात सासू धडधाकट आहे आणि शेताला सुनेचे हात लागतात, तिथं हा पर्याय खरं तर सोयीचा. पण तो सुचवायला कुणी धजत नाही. चौथा पर्याय आईचा.

चौथाच निवडायचा तर खर्च लिहिताना एक ओळ आवर्जून लिहावी. भाडं, अनामत, क्लासची फी, गॅस, वीज, प्रवास हे सगळे लिहितात. बाईच्या कामाची किंमत राहून जाते. भोकरकडं शाळा-कॉलेज उघडतं तेव्हाच पेरणीची घाई असते, पहिल्या सत्राच्या परीक्षेच्या सुमारास सोयाबीनची काढणी येते, मग कापूस वेचणी, आणि बारावीच्या परीक्षेच्या तोंडावर हरभरा. निंदणी, वेचणी, जनावरांचं शेण-पाणी ही कामं ती आतापर्यंत करत होती. ती शहरात गेली की तिच्या जागी रोजानं बाई लावावी लागते. ही रक्कम कागदावर आली, की ‘ती तिथं नुसती बसून असते’ हे वाक्य घरात निघत नाही. तिनं आधी किती काम उचललं होतं, ते आकड्यात दिसतं.

दुसरी राहून जाणारी गोष्ट धाकट्या लेकराची. थोरल्यासाठी आई गेली, तर पाचवी-सहावीतलं धाकटं आजीजवळ ठेवायचं की सोबत न्यायचं? सोबत न्यायचं तर शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम ५ कामाला येतं. आठवीपर्यंतच्या मुलाला सरकारी किंवा अनुदानित शाळेत बदली मागायचा हक्क आहे, आधीच्या मुख्याध्यापकानं दाखला लगेच द्यायचा असतो, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही. मागे ठेवायचं ठरलं, तर आई दर किती दिवसांनी गावी येणार ते त्या लेकराला सांगून, ठरवून पाळावं. थोरल्याच्या करिअरची किंमत धाकट्यानं न विचारता मोजायची, असं होऊ नये.

नांदेड की लातूर

क्लासची जाहिरात पाहून शहर ठरवलं जातं. संसाराच्या बाजूनं पाहिलं तर अंतर जास्त महत्त्वाचं. नांदेडहून वडील रविवारी सकाळी येऊन रात्री परत जाऊ शकतात. पेरणीत चार दिवस गरज पडली तर आईही भोकरला जाऊन येते. लातूर भोकरपासून जवळजवळ दोनशे किलोमीटर. तिथली भेट महिन्या-दोन महिन्यांनी होते आणि प्रत्येक भेटीला मुक्काम लागतो. लातूर निवडू नये असं नाही. पण ते निवडताना नवरा-बायकोच्या भेटीही कमी होणार, हे धरून चालावं.

प्रवासखर्चात एक सोय झाली आहे. १७ मार्च २०२३ पासून एसटीत सगळ्या वयाच्या महिलांना निम्मं तिकीट आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्या ज्येष्ठांना त्याआधीपासूनच मोफत प्रवास. म्हणजे वडिलांनी दर वेळी येण्यापेक्षा आईनं गावी जाणं निम्म्या पैशात पडतं. तरी भोकरचं घर तिच्या सवयीतून सुटू नये, हे त्याहून मोठं कारण.

अकरावीचा प्रवेश २०२५-२६ पासून राज्यभर ऑनलाइन केंद्रीय पद्धतीनं होतो. नाव एका कॉलेजात आणि पोरगा दिवसभर क्लासमध्ये, अशी व्यवस्था अनेक ठिकाणी चालते. ती स्वीकारण्याआधी कॉलेजची हजेरी कशी धरली जाणार, प्रात्यक्षिकं कुठं होणार हे आईनं स्वतः विचारून घ्यावं, कारण पुढं कॉलेजातून फोन येणार तो तिलाच. क्लासची फी भरताना केंद्र सरकारच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचना माहीत असाव्यात. सोळा वर्षांखालच्या मुलाला क्लासनं घेऊ नये, क्रमांकाची हमी देऊ नये, आणि मुलानं मध्येच सोडलं तर उरलेल्या काळाची फी परत करावी, असं त्यात म्हटलं आहे. पैसे परत मिळवताना वाद होऊ शकतो. म्हणून फी हप्त्यानं भरावी आणि दर हप्त्याची पावती जपावी.

खोली पाहताना

पहिला प्रश्न पाण्याचा. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, आणि त्याआधी पाणी भरायच्या जागांवर जमावबंदी लावावी लागली होती. तशी पाळी रोज येत नाही. पण घरमालकाला एवढं विचारावंच: नळाला किती दिवसांनी पाणी येतं, बोअर उन्हाळ्यात चालतो का, टँकर मागवला तर पैसे कुणाचे? उत्तर खात्रीचं हवं असेल तर शेजारच्या बिऱ्हाडातल्या बाईला विचारावं. दुसरा प्रश्न वरच्या मजल्याचा. पत्र्याची किंवा गच्चीखालची खोली स्वस्त मिळते, पण नीटचा शेवटचा अभ्यास एप्रिलच्या उन्हात असतो. तिसरा प्रश्न दाराचा. स्वतंत्र दार, आतून कडी, संडास-न्हाणी स्वतःची. वडील आठवड्यातून एकदाच येणार असतील, तर एकट्या बाईला याचं मोल कळतं.

शक्य असेल तर एका खोलीऐवजी दीड खोली घ्यावी. स्वयंपाकाची जागा भिंतीनं किंवा निदान पडद्यानं वेगळी असली, तर पोराला रात्री अकराला दिवा लावता येतो आणि आईला झोपता येतं. सततची अपुरी झोप हे अशा घरांतल्या चिडचिडीचं सगळ्यात साधं कारण आहे.

करार लेखी करावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणं भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असायला हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात. अकरा महिन्यांचा करार ऑनलाइन नोंदवता येतो. अनामत किती, ती कधी परत, रंगाचे पैसे कापणार का, हे त्यात यावं.

हा करार बाईच्या नावानं करावा. आतापर्यंत तिचा पत्ता नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या घराचा होता. नोंदणीकृत करार तिच्या नावावर असला की शहरातल्या पत्त्याचा पुरावा तिच्या हातात येतो. वाचनालयाचं सभासदत्व, बँकेची कामं, गॅस यांसाठी तो चालतो. घरमालकही मग ‘साहेबांना विचारून सांगा’ म्हणायचं थांबवतो. गॅसची नवी जोडणी लगेच होत नसेल तर पाच किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्र दाखवून, पत्त्याच्या पुराव्याशिवाय मिळतो.

कोणता कागद हलवायचा, कोणता नाही

शहरात गेलं की सगळेच कागद बदलायचे, असा एक समज असतो. दोन वर्षांसाठी ते करायची गरज नाही.

रेशन कार्ड वेगळं काढू नये. ‘एक देश एक रेशन कार्ड’ योजनेत त्याच कार्डावर आई आणि लेकरं आपल्या वाट्याचं धान्य शहरातल्या कोणत्याही रास्त भाव दुकानात अंगठा लावून घेऊ शकतात, आणि उरलेलं वडील गावात घेऊ शकतात. त्यासाठी कार्डावरच्या प्रत्येकाचं आधार जोडलेलं आणि ई-केवायसी झालेलं हवं. हे काम निघायच्या आधी भोकरलाच उरकावं.

मतदार यादीतलं नाव, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शेतीचे कागद यांना हात लावू नये. उलट मुलाच्या प्रवेशासाठी लागणारे जात, नॉन-क्रिमिलेअर, अधिवास हे दाखले भोकरहून आणि जात पडताळणीचा दाखला पडताळणी समितीकडून काढून त्यांची एक फाइल शहरात आणि प्रतींची एक फाइल गावात ठेवावी.

बँकेचं खातं बदलायची गरज नाही. ते आईच्या एकटीच्या नावावर आणि तिच्याच मोबाइलला जोडलेलं आहे ना, एवढं पाहावं. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचे महिन्याचे १,५०० रुपये जुलै २०२४ पासून आधार जोडलेल्या खात्यात येतात; ते खातं तिच्या हातात राहिलं पाहिजे. बचत गटाकडं विसरून चालत नाही. उमेद अभियानातल्या गटांत बैठका, बचत आणि परतफेड नियमित असावी लागते. गटातून कर्ज घेतलेलं असेल तर निघण्याआधी गटाच्या बैठकीत सांगून हप्ता कोण भरणार ते नोंदवून घ्यावं. गुपचूप गेलं की दोन वर्षांनी परतल्यावर गटातली जागा गेलेली असते.

खोलीतला दिवस

पहिल्या दोन-तीन महिन्यांत बहुतेक घरांत एकच गोष्ट घडते. गावात आईला पन्नास कामं होती. शहरात एकच उरतं, लेकरू. तिची सगळी नजर त्याच्यावर खिळते. किती वाजता उठला, किती वेळ मोबाइल पाहिला, टेस्टला किती पडले? तिचा हेतू मायेचाच, पण सोळा-सतरा वर्षांच्या पोराला दहा बाय बाराच्या खोलीत तो पहारा वाटतो.

यावर उपाय म्हणजे कामाची सरळ वाटणी. आईकडं तीन गोष्टी: वेळेवर जेवण, झोपेची वेळ आणि तब्येत. अभ्यास पोराकडं आणि शिकवणाऱ्यांकडं. टेस्टचे गुण रोज विचारू नयेत. आठवड्यातून एकदा, शक्यतो वडिलांसमोर, शांतपणे पाहावेत. पोरगा क्लासमधून आल्यावर ‘जेवला का’ हा प्रश्न आधी यावा.

नीटचा आवाका आईलाही माहीत असावा. १८० प्रश्न, ७२० गुण, तीन तास. देशभरातून वीस लाखांहून जास्त मुलं परीक्षा देतात आणि एमबीबीएसच्या जागा लाखाच्या वर आहेत. म्हणजे मन लावून अभ्यास केलेल्या बहुसंख्य मुलांनाही ती जागा मिळत नाही. एमएचटी-सीईटी, कृषी, नर्सिंग, फार्मसी, बीएस्सी हे रस्ते अकरावीतच घरात बोलले गेले असले, तर निकालाच्या दिवशी घर कोसळत नाही. मुलगी असेल तर आणखी एक माहिती ठेवावी. २०२४-२५ पासून वार्षिक ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून मिळालेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे.

पोराचं जेवण सुटलं, झोप उडाली, ‘मी नसलेलोच बरा’ असं काही तो बोलला, तर ते वयाचं खूळ म्हणून सोडू नये. टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६ आहे. चोवीस तास, मोफत आणि मराठीत बोलता येतं. हा क्रमांक आईनं स्वतःसाठीही वापरावा. नव्या शहरात ओळखीचं कुणी नाही, बोलायला माणूस नाही, दुपारी उगाच रडू येतं, असं पहिल्या वर्षी बऱ्याच बायकांना होतं. एरवी ते ‘गावची आठवण येते’ या तीन शब्दांत गुंडाळून टाकलं जातं.

दोन गावांतला नवरा-बायको

दूर राहणाऱ्या जोडप्याचं बोलणं महिनाभरात आखडतं. पैसे पोचले का? लेकरू अभ्यास करतंय का? सोयाबीनला भाव काय? तीन प्रश्नांत फोन संपतो. वाईट वागायचं दोघांच्याही मनात नसतं. बोलायला जागा आणि वेळ नसतो. वडील फोन करतात तेव्हा पोरगा शेजारी अभ्यास करत असतो. वडील रविवारी येतात तेव्हा तिघं एका खोलीत असतात.

म्हणून भेट कशी घ्यायची, हेही ठरवावं लागतं. पोरगा रविवारी टेस्टला बसलेला असतो. ते तीन तास नवरा-बायकोचे. नांदेडला गोदावरीचे घाट आहेत, हजूर साहिब गुरुद्वारा आहे, जिथं लंगरला कुणालाही पंगतीत बसता येतं. लातूरला गंजगोलाईत बाजारहाट करत फिरता येतं, सिद्धेश्वराच्या मंदिरात बसता येतं. पैसे लागत नाहीत. खोलीबाहेर, लेकराच्या विषयाबाहेर दोघांनी बोलायचं, एवढाच नियम.

पैशाचा नियमही साधा ठेवावा. महिन्याच्या ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम तिच्या खात्यात. तिनं दर भाजीचा हिशेब फोनवर द्यायचा नाही. महिनाअखेरी वहीतली बेरीज दोघांनी मिळून पाहायची. पाचशे-पाचशे करून, मागेल तेव्हा पाठवलेल्या पैशांनी बाई घर चालवू शकते, पण प्रत्येक वेळी मागावं लागणं तिला खुपतं.

निर्णयांची वाटणी बोलून व्हावी. पोर आजारी पडलं तर दवाखाना कोणता हे ती ठरवणार. विचारत बसणार नाही. गावात बैल विकायचा, विहिरीचं काम काढायचं, तर तो तिला सांगूनच करणार. ती दूर गेली म्हणून शेताच्या निर्णयांतून बाहेर पडली, असं होऊ लागलं तर दोन वर्षांनी परतताना तिची जागा पाहुण्याची होते.

भोकरच्या चुलीचं काय? मागे राहिलेल्या पुरुषाला भाकरी येत नसेल तर सासूवर, जावेवर किंवा मेसच्या डब्यावर भार पडतो. निघण्याआधीच्या महिन्यात त्यानं पिठलं, भात, खिचडी, पोळी शिकून घ्यावी. यात लाजण्यासारखं काही नाही, आणि वयात येणाऱ्या पोरासमोर बापानं घालून दिलेला हा धडा क्लासमध्ये मिळत नाही.

गावात लोक बोलतात. बाई शहरात एकटी राहते, हे काहींच्या डोळ्यांत खुपतं आणि ते नवऱ्याच्या कानात घालतात. यावर जाण्याआधीच बोलून घ्यावं: कुणी काही सांगितलं तर मनात ठेवायचं नाही, त्याच दिवशी तिला विचारायचं. संशय मारहाणीवर, पैसे बंद करण्यावर गेला, तर १८१ ही महिला हेल्पलाइन आहे. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंध कायदा २००५ प्रमाणं जिल्ह्यात संरक्षण अधिकारी असतात. आणि लेकराच्या शिक्षणासाठी खोली करून राहिली म्हणून भोकरच्या सामायिक घरात राहायचा तिचा हक्क संपत नाही.

तिचे स्वतःचे तास

पोरगा क्लासला गेला की दुपारचे चार-पाच तास तिचे असतात. लग्नानंतर पंधरा-वीस वर्षांत असे सलग तास तिला मिळालेले नसतात. सुरुवातीला ती ते झोपून, टीव्ही पाहून, घरमालकिणीशी बोलून घालवते. तेही हवंच, इतक्या वर्षांची दमणूक आहे. दोन-तीन महिन्यांनी मात्र तिनं या तासांचं काय करायचं ते ठरवावं.

शिक्षण अर्धवट राहिलं असेल तर ही सगळ्यात चांगली वेळ. दहावी किंवा बारावी सतरा नंबरचा फॉर्म भरून खासगीरीत्या देता येते. नांदेड आणि लातूर दोन्ही जिल्हे राज्य मंडळाच्या लातूर विभागात येतात. बारावी झालेली असेल तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून पदवी करता येते. १९८९ साली हे विद्यापीठ अशाच, नियमित कॉलेजला जाऊ न शकणाऱ्या माणसांसाठी निघालं आणि त्याची अभ्यासकेंद्रं दोन्ही शहरांत आहेत. पोराच्या अभ्यासाच्या वेळी आईही पुस्तक घेऊन बसली, तर पहारेकऱ्याचं काम आपोआप सुटतं.

कमाई करायची असेल तर आजूबाजूला शेकडो मुलं घरच्या जेवणाला तरसलेली असतात. चार-पाच डब्यांपासून सुरुवात करता येते. वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असेल तर अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी वर्षाला १०० रुपयांत होते. डबे देण्याआधी एक हिशेब मात्र करावा: पहाटेपासून रात्रीपर्यंत स्वतःच्या घराचं काम धरून किती तास होतात? चार डब्यांचे वीस झाले आणि पाठ धरली, तर मिळालेले पैसे औषधात जातात.

तिसरी गोष्ट दिसायला छोटी आहे. अनेक बायका याच दोन वर्षांत स्कूटी शिकतात, लायसन्स काढतात, ऑनलाइन बिलं भरतात, बँकेत स्वतः बोलतात, डॉक्टरला पोराच्या तब्येतीचं स्वतः सांगतात. बोलणं बदलतं, कपडे थोडे बदलतात, ‘नाही’ म्हणायची सवय लागते. गावी गेल्यावर घरातल्यांना हे जाणवतं. सासू म्हणते शहराचं वारं लागलं, नवरा थोडा बावचळतो. त्यानं एवढं ध्यानात घ्यावं, की या बाईनं परक्या शहरात त्याचं घर आणि लेकरू एकटीनं सांभाळलं. ते सांभाळताना ती जे शिकली तेच आता दिसतं आहे. तिनंही त्याची वाढलेली कामं, त्याचा एकटेपणा पाहावा. सोयाबीनच्या काढणीत रात्री नवाला घरी येऊन स्वतःची भाकरी थापणारा माणूसही या दोन वर्षांत बदललेला असतो.

परत कधी, आणि काय घेऊन

बारावी फेब्रुवारी-मार्चमध्ये होते, नीट मे महिन्यात. त्यानंतर एक फाटा येतो: गुण कमी पडले, आणखी एक वर्ष रिपीट करायचं का? हा निर्णय बहुतेक घरांत पोरगा आणि बाप मिळून घेतात, आणि आईचं तिसरं वर्ष त्यात गृहीत धरलं जातं. रिपीटच्या वर्षी मुलगा अठराचा असतो. तो वसतिगृहात किंवा मित्रांसोबत राहू शकतो. आईनं थांबायचं की परतायचं हे तिला वेगळं विचारावं. तिची परीक्षा मध्यावर असेल, डब्यांचा धंदा बसलेला असेल, तर ती थांबू म्हणेल. थकली असेल तर परतू म्हणेल. दोन्ही उत्तरं चालणारी आहेत.

परतायचं ठरलं तर महिनाभर आधी घरमालकाला लेखी कळवावं, अनामत हातात घेऊनच किल्ली द्यावी, रेशन पुन्हा गावच्या दुकानातून सुरू करावं, बचत गटात बैठकीला जावं. तिनं सुरू केलेलं जे काही आहे, मुक्त विद्यापीठाची पदवी असो, शिवणकाम असो, स्कूटी असो, ते भोकरमध्ये कसं चालू राहील हे नवऱ्यानं आणि तिनं सामान बांधण्याआधी ठरवावं. स्कूटी गावी आली आणि दिरानंच वापरली, पुस्तकं माळ्यावर गेली, तर तिची दोन वर्षं फक्त पोराच्या खात्यात जमा झाली असं होईल.

म्हणून जूनमध्ये टेम्पो ठरवण्याआधी एका कागदावर तीन नावं लिहावीत. पोराच्या नावापुढं क्लास, फी आणि नीटशिवायचे दोन पर्याय. दोघांच्या नावापुढं भेटीचे वार, पैशाची तारीख आणि कोणता निर्णय कुणाचा. आईच्या नावापुढं, या दोन वर्षांत तिला स्वतःसाठी काय करायचं आहे, ते तिच्याच हातानं. हा तिसरा रकाना कोरा राहिला, तर निघायची तारीख आठवडाभर पुढं ढकलावी. तेवढ्यानं कोणताही क्लास बुडत नाही.